रबियाभाभींचं ‘हेच’

“बाई, समोरच्याला काय म्हणायचंय ते मला त्याच्या आधीच कळायला लागलंय. हे चांगलंच ना?”

हे मी एस्तेरबाईंना विचारलं तेव्हा माझा चेहरा कसा दिसला असेल, ते आठवायची हिंमत होत नाही. तो प्रश्न नव्हताच. मी शाबासकी मागायला गेले होते. चव्वेचाळीस वर्षांची घोडी मी, आणि हेडबाईंपुढे पाटी घेऊन उभी.

बाई ताटात तांदूळ निवडत होत्या.

“आणि त्याला?”

“त्याला काय?”

“त्याला कळतं का, की तू म्हणतेस तेच त्याला म्हणायचं होतं?”

“तो ‘हेच’ म्हणतो की!”

बाईंनी एक खडा काढून खिडकीत ठेवला.

“बरं,” म्हणाल्या.

मला ती शाबासकी वाटली. खुशीत घरी आले. येताना स्वतःसाठी खारी बिस्किटंसुद्धा घेतली.

आमचं केंद्र म्हणजे प्रवरेकाठची एक जुनी धर्मशाळा. बोर्डावर ‘सर्वधर्म व नागरी सल्ला केंद्र’ असं लिहिलंय. गावात सगळे नुसतं ‘सल्ला’ म्हणतात. मिरवणूक कोणत्या गल्लीतून न्यायची, भोंग्याचं तोंड कुणाच्या खिडकीकडे, स्मशानातल्या नळाला पाणी का येत नाही, असल्या गोष्टींवरून डोकी फुटायच्या आधी माणसं इथे येतात. जाजमावर गोल बसतात आणि बोलतात.

बोलणं चालवायला आम्ही फेलो. हा कागदावरचा शब्द. लोक मला फेलोबाई म्हणतात. माझा नवरा शिरीष नातेवाइकांना फोनवर समजावून सांगतो, “नाही हो, फेल नाही झाली, फेलो झालीय.”

आम्हाला शिकवलं एस्तेरबाईंनी. मिशनच्या शाळेतून हेडबाई म्हणून रिटायर झाल्या. गावातल्या निम्म्या लोकांचे कान त्यांनी पिळलेत, त्यामुळे भटजी काय आणि मौलवी काय, त्यांच्यापुढे मांडी घालूनच बसतात.

त्यांचा नियम एकच. कुणी बोललं की फेलोने ते परत सांगायचं. आपलं मत घालायचं नाही, मीठमिरची लावायची नाही. बोलणारा ‘हेच’ म्हणेपर्यंत परत परत सांगायचं. तो ‘हेच’ म्हणाला, की मगच पुढच्याने तोंड उघडायचं.

ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. सासूचं म्हणणं तिला ‘हेच’ म्हणावंसं वाटेल असं परत सांगून बघा.

मला मात्र ते जमलं. इतकं जमलं, की मीच चकित झाले.

आधी लोकांचं वाक्य संपत आलं की माझं सुरू व्हायचं. मग ते अर्ध्यात असतानाच. मग नुसता पहिला शब्द पुरायला लागला.

एकदा किराणावाले पारसमलजी बोलायला सरसावले, खाकरले, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “बाई, माझं काय म्हणणं आहे ते जरा सांगा ना.”

सगळे हसले. मीही हसले. आणि सांगितलं.

“हेच,” म्हणाले पारसमलजी, आणि मागे टेकून बसले.

पुढच्या बैठकीत कुणी हसलं नाही.

माणसं यायची, चपला काढायची, गोल बसायची. एकेकाचं तोंड माझ्याकडे वळायचं. थोडं उघडायचं. मी बोलायचे. ते मिटायचं.

“हेच.”

मग शेजारचं तोंड.

“हेच.”

पलीकडच्या खोल्यांतून दुसऱ्या फेलोंच्या गटांचा आरडाओरडा ऐकू यायचा. कुणी मांडीवर थाप मारतंय, कुणी उठून चाललंय, त्याला कुणी शर्ट धरून बसवतंय. माझ्या खोलीत पंख्याचा आवाज, आणि माझा.

मला वाटायचं, याला म्हणतात सलोखा.

एक गोष्ट तेव्हा दिसली होती, पण मी ती बघितली नाही. घरी जाताना माझ्या गटातली माणसं आपापसांत बोलत नव्हती. गेटापर्यंत रांगेने जायची. तिथे उभी राहायची. कोण कुठल्या दिशेला वळणार, हेही कुणीतरी सांगेल, असं वाट बघत असल्यासारखी.

मग रबियाभाभींचं काम आलं.

नव्या पुलाचा जोडरस्ता कब्रस्तानाच्या कोपऱ्याला घासून जाणार होता. त्या कोपऱ्यात एकच कबर. उस्मानभाईंची. गाद्या भरायचे ते. खांद्यावर कापसाची पिंजण घेऊन गल्लीतून जायचे तेव्हा तिच्या तारेचा आवाज आम्हा पोरांना दुरून ऐकू यायचा. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. मागे एकट्या रबियाभाभी.

कब्रस्तानाचा कारभार बघणारे हनीफचाचा बैठकीत म्हणाले, “मौलवीसाहेबांना विचारून आलोय. गावाची अडचण आहे, कबर हलवू. पण भाभी हो म्हणाली तर. ती नाही म्हणाली, तर आमचाही हात लागणार नाही.”

नगरपालिकेचे इंजिनिअर भणगे म्हणाले, “नाही म्हणाल्या तर रस्ता वळवू. वळतो. नकाशे परत करावे लागतील, वर्ष जाईल. पण वळतो.”

म्हणजे सगळं रबियाभाभींच्या एका शब्दावर होतं.

त्या गोलात बसल्या होत्या. डोक्यावरून पदर, पदराचं टोक मुठीत. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्यांनी श्वास घेतला. तोंड उघडलं…

आणि मला कळलं.

“भाभींचं म्हणणं असं,” मी म्हणाले, “की माझा माणूस आयुष्यात कुणाच्या वाटेत आला नाही. मेल्यावर तरी कशाला येईल? न्या त्यांना. पण सांभाळून न्या.”

हनीफचाचांनी चष्मा काढून पुसला. भणगे खिडकीबाहेर बघायला लागले. मला स्वतःलाच हुंदका आला. इतकं सुंदर मी आयुष्यात बोलले नव्हते.

रबियाभाभींचं तोंड अजून उघडंच होतं.

मग ते मिटलं.

“हेच,” त्या म्हणाल्या.

म्हणाल्या म्हणजे, ओठ हलले. आवाज मी ऐकला नाही. पण सगळ्यांनी मान डोलावली, म्हणून मीही डोलावली.

कबर शनिवारी सकाळी हलवायची ठरली.

त्या संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते. शिरीष ओट्याशी उभा राहून काकडी खात होता.

“उजव्या कुशीवर झोप लागत नाही त्यांना,” मी म्हणाले.

“कुणाला?”

“काय कुणाला?”

“तूच म्हणालीस ना आत्ता. कुणाला झोप लागत नाही?”

“मी कुठे काय म्हणाले?”

शिरीषने काकडी चावायची थांबवली. म्हणाला, “वैजू, पोळी करपतेय.”

मला वाटलं दमलेय. दुसऱ्या दिवशी भांडी लावताना परत आलं. “न्यायचं तर नेऊ दे.” ताटं हातात तशीच राहिली, आणि लगेच, “नको. हात नका लावू.” हे दोन्ही माझ्याच तोंडून. माझ्या आवाजात नाही. पदराचं टोक दातात धरून बोलल्यासारखा, दबका, थोडा घोगरा आवाज.

“कुणाशी भांडतेयस?” बाहेरून शिरीषने विचारलं.

“तू सोडून कुणाशीही.”

तो हसला नाही. आत आला. म्हणाला, “सकाळी तू भाजीवाल्याशी बोलत होतीस ना… मी जिन्यात होतो. मला वाटलं, दारात दुसरीच कुणी बाई उभी आहे. खाली उतरायचं धाडस झालं नाही मला.”

मी त्याची चेष्टा केली. इतकी वर्षं संसार करून बायकोचा आवाज ओळखता येत नाही म्हणाले. पण त्या दिवसापासून फोन आला तर मी तो त्याच्याकडे द्यायला लागले.

गुरुवारी बाजारात हनीफचाचा भेटले.

“भाभी बरी आहे ना?” मी विचारलं.

“बरी आहे. पण बोलत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे बोलत नाही. त्या दिवसापासून. दुकानात बोटाने दाखवते. माझी बायको जाऊन आली, तिच्याशीही नाही. दुःख वर आलं असेल. होतं असं.” मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, “तुमचा घसा बसलाय का, बाई? आवाज वेगळा येतोय.”

मी पिशवी उचलली आणि चालायला लागले. मेथी तिथेच राहिली.

शुक्रवारी सकाळी एस्तेरबाईंकडे गेले. या वेळी शाबासकी नको होती. सगळं सांगितलं. बाई ऐकत होत्या. मध्ये एकदा उठून त्यांनी गॅस बंद केला.

“आत्ता आहे का?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“ते जे काय येतं ते.”

“माहीत नाही. आपोआप येतं.”

“तोंड उघड बघू.”

दाताच्या डॉक्टरपुढे उघडावं तसं उघडलं. आधी काहीच आलं नाही. मला हसूच यायला लागलं. मग आलं.

“उन्हात आहेत ते. सावलीला नेतील म्हणतात…” आणि मग, हळू, “सावलीत मला दिसायचे नाहीत.”

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. माझ्याकडे बघितलं, पण माझ्या डोळ्यांत नाही. जरा खाली, तोंडाकडे. दारातून आत डोकवावं तसं.

“रबिया,” त्या म्हणाल्या, “घरी आहेस का?”

“आहे,” मी म्हणाले.

मी बाईंच्या घरात होते. भिंतीवर बाईंचं कॅलेंडर होतं, गॅसवर बाईंचा चहा होता. आणि मी ‘आहे’ म्हणाले.



बाई उठल्या. “चप्पल घाल,” म्हणाल्या. “ती घरी आहे म्हणतेय. जाऊ या.”

रबियाभाभींचं घर कब्रस्तानाच्या कुंपणाला लागून. मधे एक बोळ, एवढंच. त्यांच्या दारात उभं राहिलं की पहिली दिसते ती कोपऱ्यातली कबर.

दाराशी बाईंनी मला थांबवलं. पर्समधून डबी काढली, एक लवंग माझ्या हातावर ठेवली.

“ही पुढच्या दातांत धर.”

“कशाला?”

“तोंड उघडलंस तर पडेल. पडू द्यायची नाही.”

“आणि आतून काही आलं तर?”

“तर चाव.”

रबियाभाभींनी दार उघडलं. आम्हाला बघून त्यांना ना आनंद झाला, ना राग आला. हाताने बसा म्हणाल्या. भिंतीवर उस्मानभाईंची पिंजण टांगलेली होती. खाली गादी, चादर एकही सुरकुती नसलेली.

आम्ही बसलो. त्या समोर बसल्या. माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं आता त्यांचं तोंड थोडं उघडेल आणि माझं सुरू होईल. लवंग घट्ट धरली.

बाईंनी घसा साफ केला.

“रबिया, तुझं म्हणणं मला कळलं,” त्या म्हणाल्या. “तुला तो पूलच नको. पाडून टाकावा असं तुझं म्हणणं.”

रबियाभाभींनी कपाळाला आठी घातली. मान हलवली. नाही.

“नाही? मग तुझं म्हणणं असं, की तू हनीफला घाबरतेस. म्हणून हो म्हणालीस.”

मान जोरात हलली. नाही.

मला कसंतरीच व्हायला लागलं. बाईंनी आम्हाला शिकवलं, आणि बाईच इतकं चुकत होत्या? सत्तरी कधीच उलटलीय त्यांची. मनात आलं, गेलं आता यांचं डोकं. खरं काय ते सगळं माझ्या तोंडात भरलेलं होतं. लवंग काढून सांगून टाकावं, सुटावं… मी लवंग चावली. जीभ भाजल्यासारखी झाली.

“मग हां,” बाई म्हणाल्या. “आलं लक्षात. उस्मानवर तुझा जीवच नव्हता. कबर कुठे का जाईना, तुला काय त्याचं.”

रबियाभाभी उठून उभ्याच राहिल्या. डोळे असे, की मी बाईंच्या दंडाला धरलं. बाईंनी माझा हात झटकला.

“तेही नाही? बरं बाई. मग तुझं म्हणणं, उस्मान म्हणजे झोपाळू माणूस. कुठेही टाका, कुठल्याही कुशीवर टाका, घोरत पडायचा. त्याला कसला फरक पडतोय.”

“नाही!”

लवंग माझ्या मांडीवर पडली.

कोण म्हणालं, ते मला सांगता येणार नाही. दोघींची तोंडं उघडी होती. आवाज एकच होता.

बाई रबियाभाभींकडे बघत होत्या. माझ्याकडे ढुंकूनही नाही.

“उजव्या कुशीवर झोप लागत नाही त्यांना,” रबियाभाभी म्हणाल्या.

माझे ओठ हलत होते. शब्दाला शब्द, त्यांच्याबरोबर. पण माझ्याकडून आवाज येत नव्हता. मी गळ्याला हात लावून बघितला. आत काही थरथरत नव्हतं.

“पिंजणीने उजवा खांदा गेला होता त्यांचा,” त्या सांगत होत्या. “डाव्या कुशीवर झोपायचे, भिंतीकडे तोंड करून. आणि तिथे तर उजव्या कुशीवरच ठेवतात. आमच्यात तसंच. ठेवून आले, तेव्हापासून मला वाटतं, अवघडलेत. झोप नाही त्यांना.”

“म्हणजे उठवावं त्याला असं तुझं म्हणणं.”

“नाही हो बाई, ऐका तरी! दुसरीकडे नेलं तरी उजव्याच कुशीवर ठेवणार. माहितीये मला. पण नेताना… मधल्या मधे… क्षणभर उताणे होतील ना? तेवढाच आराम. असं सकाळी वाटतं. आणि दुपारी वाटतं, कशाला हात लावायचा. आता सवय झाली असेल. परत अवघडतील. आणि इथून दिसतात मला. चहा पिताना दिसतात.”

“मग तू हो म्हणालीस ते कशासाठी?”

रबियाभाभी खाली बसल्या.

“मी कुठे हो म्हणाले? मी तोंड उघडलं. मला ‘थांबा’ म्हणायचं होतं. अजून ठरत नाही, थोडं थांबा, एवढंच. तेवढ्यात या बोलल्या.” त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “इतकं चांगलं बोलल्या, की मला वाटलं, बाई, हेच असेल. त्यानंतर आत बघते तर काही नाहीच. रिकामं. शोधायचे रोज.”

माझे ओठ आता हलत नव्हते.

बाहेर कुणीतरी हाक मारली. पत्र्याची पाटी खाली ठेवल्याचा आवाज आला.

भणगे होते, आणि त्यांची दोन माणसं. उद्याची आखणी करत होते. फक्कीची पांढरी रेघ रस्त्यापासून निघून बोळातून आली होती, रबियाभाभींच्या पायरीसमोरून कुंपणाला भिडली होती. कुंपणापलीकडे उस्मानभाईंची कबर.

रबियाभाभी बाहेर गेल्या. आम्ही मागोमाग.

त्या रेघेवर जाऊन उभ्या राहिल्या. मग चपलेने ती पुसायला लागल्या. घाई न करता. पायरी पुसावी तशी, डावीकडून उजवीकडे.

“अहो भाभी! काय करताय हे?” भणगे धावत आले. “तुम्ही तर हो म्हणालात ना!”

“मी नाही. त्या म्हणाल्या.”

“तुम्ही ‘हेच’ म्हणालात की सगळ्यांसमोर.”

“म्हणाले.”

“मग आता काय म्हणताय? नाही म्हणताय?”

“नाही म्हणत नाही.”

“मग हो?”

“हो पण म्हणत नाही. सांगेन.”

“कधी सांगाल?”

“आधी मला कळू द्या. मग तुम्हाला सांगते.”

भणग्यांनी टोपी काढली, परत घातली. आणि मग सवयीने माझ्याकडे वळले.

“फेलोबाई, यांना नक्की काय म्हणायचंय? तुम्ही सांगा.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पाटीवाली माणसंसुद्धा. रबियाभाभींची चप्पल थांबली. त्यांचं तोंड थोडं उघडलं, जुन्या सवयीने…

आणि खरं सांगते, ते येत होतं. अगदी जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं. वाक्य तयार होतं, सुंदर होतं, ऐकून भणग्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. लवंग आत खोलीत पडली होती. मी जीभच चावली.

“मला माहीत नाही,” मी म्हणाले.

“तुम्हाला माहीत नाही?”

“नाही.”

भणगे माझ्याकडे असे बघत राहिले, की जणू घड्याळच त्यांना म्हणालं असावं, वाजले किती ते मला विचारू नका. रबियाभाभींनी तोंड मिटलं. या वेळी आपणहून मिटलं. आणि चप्पल परत चालायला लागली.

“उचला रे पाटी,” भणगे शेवटी म्हणाले. “उद्याचं रद्द. हनीफचाचांना मी सांगतो. भाभी स्वतःच्या तोंडाने सांगत नाहीत तोवर इथे कुदळ लावायची नाही.” मग जाता जाता, स्वतःशीच, “वर्ष जातंय माझं.”

रबियाभाभींनी आम्हाला चहा प्यायला लावला. चहा होईस्तोवर बोलत होत्या. पिताना बोलत होत्या. रिक्षापर्यंत सोडायला आल्या, तेव्हाही बोलत होत्या. नेऊ द्यावं, नेऊ देऊ नये, उस्मानभाई, त्यांचा खांदा, शेजारणीची कोंबडी. बाई मधूनमधून काहीतरी चुकीचं परत सांगायच्या आणि भाभी वैतागून “नाही हो बाई!” म्हणत नव्याने सुरू करायच्या.

मी ऐकत होते. घरी गेल्यावर शिरीषला फोन घ्यायला सांगायचं नाही, एवढं मनात ठरवत होते.

रिक्षा सुरू झाली. बाई बाहेर बघत बसल्या. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर.

“बाई,” मी म्हणाले, “मी हे काम सोडू का?”

“बुधवारी तुझी बैठक आहे,” बाई म्हणाल्या. “भोंग्याची. वेळेवर ये.”

जुन्या पुलाशी गाड्या अडल्या होत्या. रिक्षा थांबत थांबत चालली. बाई काही बोलेनात. मीही बोलले नाही. मला ते अवघड जात होतं, पण जमत होतं.

मग त्या हळूच म्हणाल्या, “वैजू, हल्ली घरात एकटीने शिरायची भीती वाटते गं मला. दार उघडलं की आत कुणीतरी आधीच बसलेलं असतं असं वाटतं.”

 इतक्या वर्षांत बाईंनी स्वतःचं असं काही कधी सांगितलं नव्हतं. मी त्यांचा हात हातात घेतला. गार होता.

“असं काय करता बाई? मी येते ना वर. दार मी उघडते. कुणीसुद्धा नसतं आत. आणि लागलं तर रात्री राहते तुमच्याकडे.”

बाईंनी मान वळवली. माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग हात सोडवून घेतला, पर्सवर परत नीट ठेवला.

“मी अजून काही बोलले नाहीये,” त्या म्हणाल्या.